विषय नसलेले कोडे

पुरवणीवाल्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "मुनीमजी, या रविवारचा विषय काय घेताय?" भाद्रपदात गणपती, आश्विनात फराळ, मे महिन्यात आंबे, असे कोडे त्यांना हवे असते. मी तेही करून देतो, पैसे दोन्हीला सारखेच मिळतात. पण माझा जीव रमतो तो विषय नसलेल्या कोड्यात. विषयाच्या कोड्यात सोडवणाऱ्याला कठडा मिळतो. वर 'गणेशोत्सव' असे छापलेले असले की तीन घरे मोजायची आणि 'मोदक' लिहून मोकळे व्हायचे. खूण वाचायचीही गरज नाही, उभे शब्द तर दूरच. विषय काढून घेतला की उरतात फक्त सांधे. सांधा म्हणजे जिथे आडवा शब्द उभ्याला कापतो ते घर. कोडे इमानदार आहे की लबाड, हे त्या घरात कळते.

मी राहतो मादन हिप्परग्याला, म्हणजे कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात. नोकरी दुधनीच्या बाजारात, म्हणजे महाराष्ट्रात, एका आडत दुकानात. रोज सकाळी राज्य ओलांडून जायचे आणि संध्याकाळी ओलांडून परत यायचे. पौष-माघात तुरीची आवक सुरू झाली की मान वर करायला सवड नसते. काटा, तोलाई, हमाली, बारदान, पट्टी. जेठात-आषाढात मात्र दुकानात माश्या. तेव्हा जुन्या छापील पट्ट्यांच्या कोऱ्या पाठीवर पट्टीने रेघा ओढून मी अकरा बाय अकराची चौकट आखतो. आमच्या रोजमेळात एकच रक्कम एका बाजूला जमा आणि दुसऱ्या बाजूला नावे पडते, आणि दोन्हीकडून जुळली तरच ती खरी. चौकटीतल्या अक्षराचेही तसेच. मला हे काम परके वाटले नाही ते त्यामुळे.

मराठी कोड्याची खरी अडचण इंग्रजी कोडी करणाऱ्याला कळणार नाही. त्याच्या एका घरात सव्वीसपैकी एक अक्षर बसते. आपल्या घरात अख्खे अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट. बत्तीस व्यंजनांची बाराखडी धरली तरी चारशेच्या घरात जाते, आणि जोडाक्षरे त्याच्यावर. 'रस्ता' शब्दाला दोनच घरे, र आणि स्ता. आता या स्ता मधून जाणारा उभा शब्द शोधा: बस्तान, रास्ता, दस्तावेज, असे मोजकेच. म्हणून मराठी चौकटीत काळी घरे जास्त आणि मोकळे कोपरे कमी. पुष्कळ कोड्यांत निम्मी अक्षरे एकाच शब्दात असतात, त्यांना दुसऱ्या बाजूने कोणी विचारतच नाही. तिथे शब्द आला तर आला, नाही तर पुढच्या रविवारची वाट बघा.

त्यात पुन्हा प्रत्येक अक्षराचा स्वभाव. ळ आणि ण शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. त्यामुळे 'कमळ' हा साधा, गोड शब्द मोकळ्या कोपऱ्याच्या पहिल्या ओळीत चालत नाही, कारण ळ खाली जाणारा उभा शब्द सुरू करायला तयार नसतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ चे आणखी ४. त्यांतल्या अंत्य दीर्घाच्या नियमाने 'आणि', 'परंतु' असली दोनचार अव्यये सोडली तर शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व इकार-उकार येत नाही. शाळेत हा नियम मार्कांपुरता होता. चौकटीत तो भिंतीसारखा आडवा येतो: हि, कु, वि ही घरे शब्दाच्या शेवटी ठेवताच येत नाहीत. उलट 'णे' हे घर खालच्या उजव्या कोपऱ्यासाठीच जन्माला आले आहे. तिथे आडवाही संपतो, उभाही संपतो, आणि मराठीत क्रियापदांना काय तोटा. इंग्रजीवाले त्या कोपऱ्यात अनेकवचनाचा एस ठेवून सुटतात म्हणे. आळस सगळीकडे सारखाच.

एक कोपरा दाखवतो. तीन बाय तीन, एकही काळे घर नाही. पहिल्यांदा सहज जमते ते असे: नगर, गवत, रतन. एकाखाली एक लिहा आणि उभे वाचा, पुन्हा नगर, गवत, रतन. पोरांना दाखवायला छान आहे, पण कोड्यात कामाचे नाही, तेच शब्द दोनदा येतात. मला सहा वेगळे शब्द हवे होते. उजवीकडे खाली 'णे' ठेवला आणि 'बसणे' उभा टाकला. मग पहिल्या ओळीला शेवट ब चा हवा, दुसरीला स चा. कसब, जरब, सबब, गजब एकेक करून लावून पाहिले. 'जरब' बराच वेळ टिकला, दुसऱ्या ओळीत 'नवस' घेतल्यावर पहिला उभा 'जनक' निघाला, पण मधल्या उभ्यात र आणि व पाठोपाठ आले आणि तिथे गाडी रुतली. खोडरबर. 'अदब' घेतला, खाली 'सरस', आणि तिसरी ओळ आपोआप 'रडणे' झाली. उभे वाचा: असर, दरड, बसणे. सहाच्या सहा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातले. एकासाठीही मोल्सवर्थचा कोश उघडावा लागत नाही.

मोल्सवर्थ माझ्याकडे आहे. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सुटे खंडही जुन्या बाजारातून जमवलेत. पण ते खात्री करून घेण्यापुरते. जो शब्द फक्त कोशात जिवंत आहे तो चौकटीत घ्यायचा नाही, असे मी ठरवून टाकले आहे. मराठी कोड्यांना जुनी खोड आहे: अडले की संस्कृत समानार्थी. सूर्य असेल तर भानू, पाणी असेल तर नीर, अग्नी असेल तर अनल, घोडा असेल तर हय. वर्षानुवर्षे कोडी सोडवणाऱ्याला हे पाठ असतात, तो खूण वाचायच्या आधीच लिहितो. नव्याने आलेल्याला मात्र हे दार बंद. त्यापेक्षा 'उलटतपासणी' घाला. सात घरे, सगळी साधी, आणि एकदा बसला की अख्खी चौकट जागी होते. 'वजनकाटा' घाला, 'हातउसने' घाला. विषय नसल्याचा हाच फायदा, कोर्टातला शब्द बाजारातल्या शब्दाच्या मांडीला मांडी लावून बसतो.

खुणा लिहिणे हे निम्मे काम. वरच्या कोपऱ्यातल्या 'बसणे'साठी मी लिहिले: 'पाहुणा हे करतो, धूळही करते, आवाजही करतो.' 'सरस'साठी: 'सुतार तापवतो तो, दुसऱ्याहून वरचढही.' 'असर'साठी: 'औषधाचा होतो, उपदेशाचा क्वचित.' खूण थोडी आडून यावी, पण उत्तर सापडल्यावर माणसाने कपाळावर हात मारावा, कोडे करणाऱ्याला शिव्या घालू नयेत. 'अदब' आणि 'असर' आमच्याकडे कोणालाही सांगावे लागत नाहीत. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू. पलीकडचे अक्कलकोट भोसल्यांचे संस्थान. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. घरात कानडी, बाजारात मराठी, जुन्या दस्तात उर्दू, असे लोक इथे घरोघर सापडतात. त्यांना 'रसद', 'तगाई', 'बयाना' लगेच येतात. अडतात ते 'पडवी', 'आगोट', 'खाजण' अशा कोकणी किनाऱ्यावरच्या शब्दांना.

रविवारी सोलापूरचा पेपर आला की गावच्या स्टँडजवळच्या हॉटेलात पुरवणी आधी कंपाउंडर अण्णांच्या हातात जाते. पेन त्यांचे. शेजारी एक निवृत्त मास्तर, आणि एक तरुण पोरगा, जो कानडी शाळेत शिकला, देवनागरी हिंदीमुळे वाचतो आणि कानडी पेपरातले पदबंधही सोडवतो. किराणा दुकानातल्या वहिनी गिऱ्हाईक करता करता पलीकडून उत्तरे फेकतात. मी तिथे असतो पण तोंड उघडायचे नाही, असा दंडक आहे.

एका रविवारी खूण होती: 'शेतातही, जहाजावरही.' तीन घरे. अण्णांनी 'नांगर' लिहिले आणि माझ्याकडे बघितले. "काय ओ मुनीमजी, जहाजावर नांगर कशाला? समुद्रात पेरणी करतेत का?"

मास्तरांनी समजावले. अण्णांचे समाधान झाले नाही, पण ग आणि र उभ्या शब्दांतून आधीच आलेले होते, खोडता येईना. मला हेच हवे असते. रत्नागिरीचा वाचक जहाजाकडून येईल, आमचा शेताकडून, आणि दोघांना मधे एकच शब्द भेटेल. एकाला एक बाजू माहीत नसली तरी चालते. दोन्ही बाजू बंद झाल्या तर तो सोडवणाऱ्याचा दोष नाही, करणाऱ्याचा आहे.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिने तिकडच्या न्यूयॉर्क टाइम्सचे शनिवारचे कोडे मला फोनवर पाठवायला सुरुवात केली. इंग्रजी माझे बेताचेच, निम्मे मला सुटत नाही, पण चौकट बघायला भाषा लागत नाही. तिथे शुक्रवारी आणि शनिवारी बिनविषयाचे कोडे असते, आठवड्यातले सगळ्यांत अवघड. पंधरा बाय पंधरा, शब्द बहात्तरच्या वर नाहीत, प्रत्येक अक्षर आडव्यातही आणि उभ्यातही, आणि चौकट उलटी धरली तरी काळ्या घरांची नक्षी तीच. मोकळे मोकळे कोपरे, बाजारात दुपारी ओस पडलेल्या आवारासारखे नव्हेत तर भरगच्च. कोड्याचा जन्मही त्याच शहरातला. २१ डिसेंबर १९१३ ला, रविवारीच, आर्थर विन नावाच्या मूळच्या लिव्हरपूलच्या माणसाने 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या पुरवणीत पहिले कोडे छापले, हिऱ्याच्या आकाराचे. टाइम्सने आधी या वेडाला नाके मुरडली आणि १९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, स्वतःच कोडे सुरू केले. मार्गारेट फरार ही तिथली पहिली कोडे-संपादक.

"मामा, नॅटिक माहीत आहे का?" भाचीने एकदा विचारले. ते बोस्टनजवळचे गाव. २००८ साली एका कोड्यात खूण आली होती: बोस्टन मॅरेथॉनच्या आठव्या मैलावरचे गाव. त्याचे पहिले अक्षर ज्या दुसऱ्या शब्दात होते, तो शब्द म्हणजे एका चित्रकाराचे आद्याक्षरांसकट नाव. गाव माहीत नाही, चित्रकारही माहीत नाही, आणि दोघांचा सांधा एकाच घरात. तेव्हापासून अशा घराला तिकडचे लोक नॅटिकच म्हणतात. मला त्या गावाबद्दल आपुलकी वाटली. पुण्या-मुंबईच्या कोड्यांत लोकलची स्टेशने आणि पेठांची नावे सर्रास येतात, जणू ती साऱ्या महाराष्ट्राला पाठ असावीत. आमच्या हॉटेलात त्या घरांवर पेन थांबते.

सांध्याशिवायच्या कोड्याने एके काळी मोठा धंदा केला आहे. बंगळूरहून 'स्पोर्टिंग स्टार' नावाचा पेपर निघायचा, त्यात आर.एम.डी.सी. या कंपनीची बक्षिसांची शब्दकोडी असायची. प्रवेश फी भरायची, कूपन पाठवायचे. मुंबई राज्यात त्याचा खप भरपूर, कूपने गोळा करायला माणसे नेमलेली. मुंबई सरकारने १९४८ साली लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धांवर कराचा कायदा केला होता, पण राज्याबाहेर छापलेला पेपर त्यातून सुटत होता. १९५२ साली दुरुस्ती करून ती फट बुजवली. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ९ एप्रिल १९५७ ला सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकाल दिला: हा जुगार आहे, आणि जुगार हा काही व्यापार नव्हे, त्याला व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण नाही. त्याआधीच १९५५ च्या केंद्राच्या कायद्याने महिन्याला बक्षिसांची मर्यादा हजार रुपये आणि एका स्पर्धेत प्रवेशिकांची दोन हजार ठरवली होती. हजार रुपयांत जाहिरातीचाही खर्च निघत नाही. त्या धंद्याची हवाच गेली.

लोक या निकालाकडे कायद्याचा प्रश्न म्हणून बघतात. मी कोडे करणारा म्हणून बघतो. त्या कोड्यांत गोम अशी असायची की एका खुणेला दोन शब्द सारखेच बसायचे. समजा, 'उन्हाळ्यात असे पाणी बरे वाटते': थंड की गार? दोन्हीही दोनच घरांचे. खऱ्या कोड्यात उभा शब्द भांडण मिटवतो. तिथे उभा शब्दही दोन्हीला जागा देणारा, किंवा ते घर मोकळेच ठेवलेले. 'बरोबर' उत्तर आधीच पाकिटात मोहोरबंद करून ठेवलेले, त्याच्याशी ज्याचे जुळेल तो जिंकला. अशा ठिकाणी शब्द येणे न येणे सारखेच, आकडा लावल्यासारखे. दोन शब्द बसतात हे ठाऊक असून सांधा न देणे हा माझ्या लेखी या धंद्यातला सगळ्यांत मोठा गुन्हा. आजही बक्षिसाच्या पुरवण्यांत हे अधूनमधून दिसते, आणि आमचे मास्तर चिडून पेपर घडी घालून ठेवतात.

मागे एकदा मनात आले, आपले गावच आडवे घालावे. मा, द, न, हि, प्प, र, गा. सात घरे. रत्नागिरीच्या वाचकाला हे गाव कुठून माहीत असणार? म्हणजे सातही घरांना उभा शब्द हवा, आणि तो कोणालाही येणारा हवा, नाही तर मीच नॅटिक केले. सात उभे शब्द शेजारी शेजारी लावले तर वर-खाली पुन्हा आडवे शब्द तयार होत जातात. म्हणून एक शब्द वरून येऊन गावात संपवायचा, पुढचा गावातून निघून खाली न्यायचा. मा वर 'प्रतिमा' येऊन संपली. द पासून 'दगड' खाली गेला. न वर 'पवन' उतरला. हि शेवटी येऊ शकत नाही, तो खालीच जाणार: 'हिशेब'. मुनीमाला आणखी काय सुचणार.

अडला तो प्प. हे अक्षर सुरुवातीला येत नाही, शेवटी क्वचितच, बहुतेक मधेच लागते. चप्पल, थप्पड, छप्पर. मधे म्हणजे वरही घर आणि खालीही घर, आणि दोन्हींची शेजाऱ्यांशी टक्कर. 'छप्पर' घेतले. खालचा र 'हिशेब'च्या शे शेजारी येऊन बसला आणि दोघांचा मिळून झाला 'शेर'. हे मी केलेले नाही, झाले. खूण लिहिली: 'जुने माप, गझलेतही मोजतात.' वरच्या छ शेजारी त ठेवला तर 'छत', आणि तो त खाली गावातल्या र ला मिळाला: 'इतर'. शेवटी गा पासून 'गाजर' खाली. अमेरिकन कोड्यात दोन घरांचे शब्द चालत नाहीत. आमच्यात चालतात, आणि या जागी 'शेर' नि 'छत' नसते तर काही खरे नव्हते.

गावाची खूण होती: 'तुरीच्या मुलखातले, सीमेवरचे, नावात मदन नाही.'

त्या रविवारी मी मुद्दाम हॉटेलात लवकर जाऊन बसलो. अण्णांनी छप्पर लिहिले, हिशेब लिहिला, गाजर लिहिले. सीमेवरचे म्हणून बेळगावकडची गावे आठवून पाहिली, मग निपाणी, मग बिदर-भालकीकडची. पोरगा अक्षरे एकेक करून वाचत होता, "मा... द... न..." आणि थांबला. मास्तर चष्मा पुसत होते. स्वतःच्या गावाचे नाव पेपरच्या कोड्यात असेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. सातही घरे भरल्यावर, अण्णांनी पुरवणी डोळ्यांपासून लांब धरल्यावर ते दिसले. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "आता गं बया."

कौतुक पाच मिनिटे टिकले. मग अण्णा म्हणाले, "आता तालुक्याचं बी टाका की ओ."

आळंद. तीनच घरे, पण मधे ळं. सगळं, वेगळं, असले बोलीतले शेवट मी चौकटीत घेत नाही, आणि तसेही मधल्या घराला ते उपयोगाचे नाहीत. मला आठवत होते फक्त कळंब, म्हणजे गावावर गाव, तेच नॅटिक. मी अण्णांना तसे सांगितले. ळंचा दुसरा शब्द नाही, बसायचे नाही.

"नाही कसा?" वहिनी तागडीत साखर घालत होत्या. "बाळंत हाय की."